शिडामागचा बर्फ्या

“पण तो डावखुराच होता ना,” कोमल म्हणाली आणि हातातल्या कोलंबीचं डोकं मोडून तिनं ते ताटलीत टाकलं.

मी मोबाइलवरून मान वर केली. रविवारची सकाळ होती, आमची लेक रेवा क्लासला गेली होती, खाली कुणीतरी गाडी धूत होतं आणि मी डायनिंग टेबलाशी बसून नव्या रीमेकचा ट्रेलर परत परत बघत होतो. बघत कसला, त्याच्यावर ओरडत होतो. कारण बर्फ्याचा आकडा त्याच्या डाव्या हातात होता. बर्फ्या हे आम्हा चारपाच पनवेलकर वेड्यांनी ठेवलेलं लाडाचं नाव. सिनेमा परदेशातला, बंदराच्या गावातला. तिथल्या बर्फाच्या कारखान्यातल्या एका कामगाराला कॉलेजची टवाळ पोरं गंमत म्हणून थंड खोलीत कोंडतात आणि विसरून जातात. मग तो बाहेर येतो, तोंडाला गोणपाट गुंडाळून, हातात बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा घेऊन, आणि एकेकाला गाठतो. पहिल्या भागापासून आठव्यापर्यंत तो आकडा उजव्या हातात. रीमेकवाल्यांनी तो डाव्या हातात दिला, कशासाठी ते देव जाणे, आणि आमच्या ‘रक्तगट’ नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून नुसती बोंबाबोंब चालली होती. अशात माझी बायको, जिनं लग्नाला चौदा वर्षं होऊन गेली तरी माझ्याबरोबर एकही भयपट बघितलेला नाही, जी बर्फ्याचं नाव निघालं की उठून स्वयंपाकघरात जाते आणि मिक्सर लावते, ती कोलंबी सोलता सोलता मला सांगत होती की तो डावखुराच होता. आणि तेही उडत उडत नव्हे. कुणी आपल्या चुलत्याबद्दल सांगावं तशा खात्रीनं सांगत होती.

खरं तर मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. माणूस बर्फ्याच्या हाताबद्दल उगाच बोलत नाही. ज्यानं बघितलाय तोच बोलतो. मी परत ट्रेलर लावला आणि बघत नुसता बसलो, आणि डोक्यात नेहमीचं भाषण आपोआप सुरू झालं. हे भाषण मला पाठ आहे. तळोज्याच्या कंपनीत, जिथं मी औषधाच्या गोळ्या तपासतो, तिथल्या कँटीनमध्ये ते मी इतक्यांदा केलंय की मी ताट घेऊन आलो की लोक सरकून बसतात. भाषणाचा मुद्दा असा की रीमेक करणाऱ्यांना भीती म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, भीती म्हणजे वेग. म्हणून नवा बर्फ्या पळतो. अरे, पळणाऱ्याला काय घाबरायचं? पळणारा दमतो, ठेचकाळतो, त्याला घाई असते म्हणजे त्यालाही कसली तरी भीती असते. जुना बर्फ्या चालायचा. पोरगी जिवाच्या आकांतानं पळतेय, पडतेय, उठतेय, आणि हा मागून भाजी आणायला निघाल्यासारखा चालतोय, आणि तरी अंतर कमीच होतंय. शाळेत असताना तो बघितल्यापासून रस्त्यात मागून कुणी सावकाश चालत आलं की माझी मान अजून ताठ होते. दुसरं म्हणजे बालपण. रीमेकमध्ये सगळ्यांना बालपण देतात. आईनं टाकलं, बाप मारायचा, मांजर मेलं, म्हणून हा असा झाला. मला कारण नको आहे. कारण कळलं की मी त्याची कीव करायला लागतो, आणि एकदा कीव आली की मी आरामात पॉपकॉर्न खातो.

आणि क्रॉसओव्हर! त्याबद्दल तर मला बोलूच देऊ नका, असं म्हणून मी त्याबद्दल सर्वांत जास्त बोलतो. सातव्या भागानंतर बर्फ्याची गाठ दुसऱ्या एका मालिकेतल्या माळ्याशी घालून दिली होती. तो माळी मोठ्या कातरीनं माणसं छाटायचा. दोन्ही कंपन्यांचं आपसात जमलं आणि दोघांना एका सिनेमात घातलं, एकावर एक फ्री. मी आणि शार्दूल, माझा शाळेपासूनचा मित्र आणि सगळ्या भयपटांचा सोबती, आम्ही तो पहिल्याच दिवशी बघितला आणि येताना स्टँडजवळ वडापाव खाताना एकमेकांकडे बघेना. दोन भुतं एकमेकांशी भांडायला लागली की माणसं मोकळी होतात. आपण नुसते प्रेक्षक उरतो, गल्लीतली मारामारी गच्चीतून बघावी तसे. शिवाय दोघांचे चाहते नाराज व्हायला नकोत म्हणून कुणीच हरत नाही आणि कुणीच जिंकत नाही. शार्दूल तेव्हा म्हणाला होता, “परेश, अरे हे तर दोन विहिणींसारखं झालं, दोघींचा मान राखायचा आणि जेवण थंड.” मला ते इतकं पटलं की पुढे कित्येक वर्षं मी ते माझंच म्हणून सांगितलं.

शार्दूल आता बंगळूरला असतो. गेल्या पावसाळ्यात बदली झाली. त्या दुपारच्या खेळाची तिकिटं काढताना माझ्या बोटांनी सवयीनं दोन खुर्च्या दाबल्या, आणि पैसे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या खुर्चीत बसायला कुणी नाही. ग्रुपवर विचारलं तर एकाच्या घरी मुंज, एकाची पाठ धरलेली, एक म्हणाला मोबाइलवर येईल तेव्हा बघू. लोकांना वाटतं भयपट एकट्यानं बघण्यात मर्दुमकी असते. मला विचाराल तर एकट्यानं बघितलेला भयपट म्हणजे एकट्यानं खेळलेला कॅरम. शेजारी कुणीतरी दचकायला हवं. कुणाचं तरी कोपर लागायला हवं, “आता येणार बघ” असं कुणीतरी कुजबुजायला हवं आणि तो आला नाही की दोघांनी फिदीफिदी हसायला हवं. ते नसलं तर मला भीती वाटतच नाही, नुसता आवाज ऐकू येतो. चाळिशी उलटलेल्या माणसानं असं काही बोलून दाखवायचं नसतं म्हणून मी ते कुणाला बोललो नव्हतो. पण त्या सकाळी ट्रेलरवर एवढा जो ओरडत होतो तो डाव्या हातापायी निम्माच. उरलेला निम्मा त्या रिकाम्या खुर्चीपायी.

“तू कधी बघितलास?” मी शेवटी विचारलं.

कोमलनं नळ सोडला, हात धुतले, वासाचे हात लिंबाच्या सालीवर चोळले. ती बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात ऑफिसात असते, फोनवर ड्रायव्हर लोकांना गप्प करते. तिला उत्तर द्यायला एवढा वेळ लागलेला मी फारसा बघितलेला नाही.

“लहानपणी. करंज्याला. होळीला,” ती म्हणाली.

मग तिनं ते सांगितलं, आणि सांगता सांगता तिची पनवेलची भाषा हळूहळू गळत गेली, माहेरी गेल्यावर उंबऱ्यापाशी चप्पल काढावी तशी. होळीला करंज्याला, तिच्या माहेरच्या कोळीवाड्यात, कुणीतरी प्रोजेक्टर आणायचा, हिंदीत केलेले परदेशी सिनेमे. किनाऱ्यावर ओढलेल्या दोन होड्यांच्या डोलकाठ्यांना जुनं शीड बांधायचे, तो पडदा. होड्यांना इंजिनं आल्यापासून शिडं पडूनच होती. प्रोजेक्टर आणि पुरुषमंडळी गावाच्या बाजूला, मंडपात, खुर्च्यांवर. “आनि आमी बाया-पोरी मागल्या अंगाला. दर्याकडं. वालूवर गोनपाट टाकून बसायचं. शिडातून आरपार दिसतं सगलं, फक्त जरा धूसर.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मागून. पडद्याच्या मागून. म्हणजे सगळं उलटं. त्या वाड्यातल्या अर्ध्या गावानं, म्हणजे सगळ्या बायकांनी, बर्फ्या डावखुरा बघितला होता. त्यांच्या सिनेमात पोरगी दारातून डावीकडे पळाली असेल तर पुरुषांच्या सिनेमात ती उजवीकडे पळाली होती. दुसऱ्या दिवशी घराघरांतून त्यावरून भांडणं झाली असणार, आणि दोन्ही बाजू शपथेवर खऱ्या. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थाप मारली आणि कोलंबीची ताटली उडाली. अरे, ह्याहून चांगला रीमेक कुणी केलाय का जगात? एक पैसा खर्च न करता, नुसत्या बसायच्या जागेवरून!

“हसू नको,” ती म्हणाली, पण तीही हसत होती. “बाया घाबरल्याच नव्हत्या आधी. त्याच्या हातातला आकडा बघून हसायला लागल्या. आय म्हणाली, असा धरला तर लादी पायावर पडंल, ह्याला कामावर ठेवला कुनी?” कोमलची आई, वेणूबाई, जन्मभर मासळी विकत होती, बर्फ उचलण्यात तिचा हात कुणी धरला नसता. “मग त्यानं पहिल्या पोराला गाठलं. आनि मग कुनी हसलं नाय.”

“आणि शेवट?” मी पुढे सरकून बसलो. “शेवटी थंड खोलीचं दार लावून ती पोरगी वळते, आणि…”

कोमल उठली. सवयीनं तिचा हात मिक्सरकडे गेला. मिक्सरमध्ये काहीसुद्धा नव्हतं.

त्या क्षणी मला चौदा वर्षांचे मिक्सर ऐकू आले. लग्नाआधी खारघरला, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, मी रंगात येऊन पहिल्या भागाचा शेवट सांगायला लागलो तेव्हा ही हात धुवायला गेली होती. सत्यनारायणाला भावजींना सांगत होतो तेव्हा तिनं घंटा वाजवली होती. नेरेला कुणाच्या तरी फार्महाउसवर, शेकोटीशी, सगळे कान देऊन ऐकत होते आणि ही एकटी उठून अंधारात विहीर बघायला गेली होती. मी समजत आलो होतो की बिचारीला कंटाळा येतो.

“शेवट आम्ही बघितलाच नाही,” ती पाठमोरी म्हणाली. “होळी म्हणजे पुनव, म्हणजे उधाण. त्या पोरीनं दार लावलं आणि आमच्या गोणपाटाखाली पाणी आलं. दर वर्षी असंच व्हायचं, कुठल्याच सिनेमाचा शेवट मागच्या बाजूला मिळायचा नाही. पुरुषांना काय, ते कोरड्यात. बायकांनी पोरं उचलली. आयनं मला कमरेवर घेतलं, माझा एक कान खांद्याशी दाबला, दुसऱ्यावर हात ठेवला, आणि पडद्याचा आवाज मागे पडल्यावर पाण्यातून घरी नेताना तिनं शेवट सांगितला. तिचा तिनं केलेला. मी तो खराच समजायची. मोठी झाले तेव्हा कळलं, पण तोवर तो माझा झाला होता.” ती वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि तिला त्याची लाज नव्हती. “आणि आता तर आय जाऊन दोन वर्षं झाली. तिचं बोलणं मला आता सगळं आठवत नाही रे. हे मात्र शब्दाला शब्द आठवतं. तू एकदा खरा शेवट सांगितलास की माझ्या डोक्यात तोच राहणार. मला माहितीये. म्हणून मी उठते.”

मला तिच्याबद्दल माया दाटून आली. मी तिच्या हातातून मिक्सरचं झाकण घेतलं आणि ते उगाच पुसत राहिलो. मग काही न ठरवता म्हणालो, “दुपारी येतेस का माझ्याबरोबर? एक खुर्ची आहे.”

“येते,” ती म्हणाली, इतक्या पटकन की बहुतेक ती कधीपासून ह्या प्रश्नाची वाट बघत असावी. “पण ती दार लावेल तेव्हा मी उठणार. तू बस. तुला बघायचाच असेल.”

मला बघायचाच होता, हे खरं. मी थिएटरात शेवटचं नाव वर जाईपर्यंत बसणारा माणूस आहे. झाडूवाले आले की पाय वर घेतो पण उठत नाही, कारण बर्फ्या नावं संपल्यावरही एकदा डोळे उघडतो. शिवाय ग्रुपवर सगळे माझ्या निकालाची वाट बघत होते. ‘परेश, नवा शेवट जुन्यापेक्षा बरा की वाईट, तेवढंच सांग, मग तिकीट काढतो,’ अशा अर्थाचे मेसेज येऊन पडले होते. मॉलच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावताना मी स्वतःला समजावलं की यात काही अडचण नाही. ती उठेल, बाहेर कॉफी घेईल, मी शेवट बघून येईन आणि जन्मभर गप्प बसेन. दोघांचाही मान राखला जाईल. आणि मला एकदम विहिणी आठवल्या.

पण आधीचे दीड तास मी काय सांगू! असा भयपट मी आजवर बघितला नव्हता. सिनेमाबद्दल म्हणत नाही, तो टुकारच होता. बर्फ्या पळाला, त्याला बालपण होतं, त्यात एक मेलेलं मांजरसुद्धा होतं. पण शेजारी कोमल होती. पहिल्यांदा आकडा दिसला तशी तिनं माझ्या बरगडीत कोपर खुपसलं, “बग, डावा!” आणि मी, ज्यानं सकाळपासून त्या डाव्या हाताला शिव्या घातल्या, तो मी लहान पोरासारखा मान हलवून म्हणालो, “हो ग, डावा!” तो लादी ओढायला लागला तेव्हा ती इतक्या मोठ्यानं “पडंल पायावर” म्हणाली की पुढची ओळ वळून बघायला लागली. मग पडद्यावरचे लाइट गेले, गोणपाटामागचा श्वास ऐकू यायला लागला, आणि तिनं माझा दंड धरला. तिची नखं रुतली. माझ्या अंगावर काटा आला. शार्दूल गेल्यापासून, खरं तर त्याच्याही बऱ्याच आधीपासून, माझ्या अंगावर काटा आला नव्हता. मी घाबरलो होतो आणि मला रडू येईल इतकं छान वाटत होतं.

मग पोरगी थंड खोलीच्या दारापाशी आली. नळ फुटले होते, तिच्या घोट्यापर्यंत पाणी होतं. शेजारी कोमलनं दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. पोरीनं दार ढकललं, कडी लावली आणि वळायला लागली. कोमलनं माझा दंड सोडला, पर्स उचलली आणि लोकांच्या गुडघ्यांवरून सरकत ती निघाली, पाण्यातून चालावं तशी पावलं उचलत. मी बसलो होतो. पडद्यावर पोरीचा चेहरा इंच इंच फिरत होता. दंडाला जिथं नखं रुतली होती तिथं आता एसीचा वारा लागत होता. माझ्या शेजारी परत तीच रिकामी खुर्ची होती, सकाळपासूनची. पडद्यावर जे काय होणार होतं ते मला अगदी नक्की बघायचं होतं आणि तरीही मी उठलो. “अरे अंकल, बैठो ना, यही तो सीन है,” कुणीतरी म्हणालं. मी म्हणालो, “पाणी आलंय.” आणि तोंड दाराकडे ठेवून, मागे न बघता, माणसांच्या पायांवर पाय देत बाहेर आलो.

ती कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटून, दोन्ही हात कानांवर. माझ्यामागचं जड दार सावकाश बंद होत होतं आणि त्याच्या फटीतून ती किंचाळी यायला लागली. मी जाऊन तिच्या हातांवर माझे हात ठेवले आणि घट्ट दाबले. माझ्या कानांना मात्र हात उरले नाहीत, म्हणून मी ‘अग्निहोत्री, अनंतवार, आगाशे’ असा कंपनीतला हजेरीपट मोठमोठ्यानं म्हणत राहिलो. पॉपकॉर्नवाली बाई आमच्याकडे टक लावून बघत होती. दार लागलं तेव्हा कोमलनं डोळे उघडले आणि मला बघून ती थक्क झाली. “तू बघितला नाहीस?” मी नकारार्थी मान हलवली. तिनं माझ्या शर्टाचा खिसा धरून मला जवळ ओढलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. पार्किंगमध्ये स्कूटरची सीट तापली होती, म्हणून आम्ही सावलीत उभे राहिलो, आणि तिथं तिनं मला शेवट सांगितला, तिच्या आयच्या शब्दांत, आयच्या आवाजात. “दार कसलं टिकतंय? त्यो आला भायेर. पोरगी पलाली खाडीकडं, त्यो तिच्या मागं, चालत. खाडीत आपला गिऱ्हा बसलेला.” गिऱ्हा म्हणजे त्यांच्याकडचं पाण्यातलं भूत, ते ओळखीच्या आवाजात हाक मारतं आणि माणसाला चिखलात फिरवत नेतं. “गिऱ्ह्यानं पोरीचा आवाज काडला. इकडं ये, इकडं ये. बरफवाला गेला चिखलात. गिऱ्हा त्याला बुडवाया बगतो, पन ह्यो मेलेलाच, बुडंल कसा? ह्यो गिऱ्ह्याला आकडा मारतो, पन पान्याला आकडा लागंल कसा? रात गेली, दोगं दमले. मंग बसले चिखलात बाजू-बाजूला. गिऱ्हा एकलाच होता ना ग इतकी वरसं, म्हनून मानसं वडायचा. आता त्याला जोडी गावली. आता कुनाला वडत नाय. व्होटी लागली की दोगं बोलत बसतात, आवाज येतो. तू निज.”

बर्फ्या आणि गिऱ्हा. दोघांपैकी कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही, आणि तरी हे इतकं बरं का वाटलं ह्यावर माझ्या सगळ्या भाषणात एक वाक्यसुद्धा नव्हतं. खिशात मोबाइल थरथरत होता, ग्रुपवर शेवट मागत होते. मी लिहिलं, ‘भरती आली, उठावं लागलं. तुम्ही आपापला बघा.’ आणि फोन बंद केला.

“मग?” मी कोमलला विचारलं. “पुढे?”

“पुढे काय, हायेत अजून तिथंच,” ती म्हणाली आणि मागे बसली.

घरी जाताना खाडीचा पूल लागतो. ओहोटी होती, आयच्या गोष्टीतली व्होटी, दोन्हीकडे काळाभोर चिखल उघडा पडला होता, उन्हात चकाकत होता, आणि त्यात कुठंतरी बारीक बुडबुड आवाज होत होता. भरदिवसा, डोक्यावर हेल्मेट, मागं बायको. मी जन्मात कधी न बघितलेल्या शेवटाला असा घाबरलो की पुलावर स्कूटर जोरात हाणली. कोमलनं मागून माझ्या कमरेला घट्ट विळखा घातला, आणि घर येईपर्यंत ती हसत होती.